चेतातंतू म्हणजे तार नव्हे

चेतातंतूंना 'विजेच्या तारा' म्हणायची सवय इतकी जुनी आहे की ती उपमा आहे हेच विसरायला होतं. ती किती फसवी आहे ते एका गणितात कळतं. अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीतून निघणाऱ्या लांब धाग्याच्या, आतला द्रव म्हणजे प्रथिनं मिसळलेलं खारट पाणी. तांब्यापुढे तो साधारण सहा कोटी पट वाईट वाहक ठरतो. १ मायक्रोमीटर जाडीचा, १ मीटर लांबीचा अक्षतंतू घेतला तर या टोकापासून त्या टोकापर्यंतचा रोध एक लाख कोटी ओहमच्या वर जातो. त्यात आवरण गळकं. अशा उघड्या तंतूच्या एका टोकाला १०० मिलिव्होल्टचा धक्का दिला तर अर्ध्या मिलिमीटरवर त्यातले ३७ उरतात आणि ५ मिलिमीटरवर जेमतेम ४-५ मायक्रोव्होल्ट. पायाच्या अंगठ्यापासून कण्यापर्यंतचं अंतर मीटरभर. ही खरोखर तार असती तर अंगठ्याला लागलेली ठेच मेंदूला कधी कळलीच नसती.

तरीही आवेग, म्हणजे तंतूतून धावणारा विजेचा संदेश, पोचतो, आणि निघाला तेवढाच पोचतो. कारण तो नळातल्या पाण्यासारखा वाहत नाही, वाटेत जागोजागी नव्याने तयार होतो. पेटलेल्या वातीवरची ठिणगी पुढच्या सुताला पेटवते, तसं. फरक एवढाच की ही वात जळून जात नाही, काही मिलिसेकंदांत पुन्हा पेटायला तयार होते. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की चेतासंस्थेतले बहुतेक बिघाड आणि त्यांच्या चाचण्या आपोआप उलगडतात.

आधी दारूगोळा कुठून येतो ते पाहू. पेशीपटल सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचं, मेदाच्या दोन थरांचं. विश्रांतीच्या वेळी आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. ७० मिलिव्होल्ट किरकोळ वाटतात, पण ५ नॅनोमीटरवर पसरलेले म्हणजे मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट एवढं तीव्र विद्युतक्षेत्र. पटलात अडकलेल्या प्रथिनांना वाकवायला ते पुरेसं आहे, आणि पुढचा सगळा खेळ या वाकण्यावरच चालतो.

हा फरक दोन गोष्टींमुळे टिकतो. माणसाच्या चेतापेशीत आत पोटॅशियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल, बाहेर ४. सोडियमचं उलटं: बाहेर १४५, आत १२ च्या आसपास. विश्रांतीत पटलातली पोटॅशियमची काही चॅनेल (आयनांना ये-जा करू देणारी प्रथिनांची दारं) उघडी असतात, सोडियमची जवळपास सगळी बंद. पोटॅशियम आपल्या उतारावरून बाहेर झिरपतो, जाताना धनभार घेऊन जातो आणि आत ऋणभार मागे राहतो. मग तो ऋणभारच पोटॅशियमला आत ओढू लागतो. दोन्ही ओढी समान होतात ते व्होल्टेज नेर्न्स्टच्या सूत्राने काढता येतं. ३७ अंश सेल्सिअसला बाहेरच्या आणि आतल्या प्रमाणाचा भागाकार घ्यायचा, त्याचा १० पायाचा लॉगॅरिदम काढून ६१.५ ने गुणायचं. पोटॅशियमसाठी उत्तर येतं उणे ९५ मिलिव्होल्ट, सोडियमसाठी अधिक ६७. प्रत्यक्षातलं उणे ७० हे या दोहोंच्या मधलं, पण पोटॅशियमच्या बाजूला झुकलेलं. सोडियमची जी थोडीशी गळती आहे तिच्यामुळे ते उणे ९५ पर्यंत उतरत नाही.

इथे पाठ्यपुस्तकं हमखास घोळ घालतात. सोडियम-पोटॅशियम पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि एक एटीपी (पेशीचं इंधन असलेला रेणू) खर्च करतो. म्हणजे दर फेरीला एक धनभार जास्तीचा बाहेर जातो हे खरं, पण त्यामुळे पडणारा फरक थोड्या मिलिव्होल्टांचाच. पंपाचं खरं काम टाकी भरून ठेवण्याचं. आवेग उमटताना किंवा ओसरताना पंप काहीही करत नाही. 'आवेगानंतर पंप व्होल्टेज पूर्ववत करतो' हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत अमर आहे, आणि चूक आहे. स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूतला पंप विष घालून बंद पाडला तरी तो हजारो आवेग सोडत राहतो.

असं का, ते आयनांच्या मोजणीतून कळतं. पेशीपटलाची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड. व्होल्टेज १०० मिलिव्होल्टने बदलायला एका चौरस मायक्रोमीटरमागे साधारण ६,२०० आयन पलीकडे गेले की झालं. १ मायक्रोमीटर जाडीच्या अक्षतंतूचा १ मायक्रोमीटर लांबीचा तुकडा घ्या. त्याच्या पृष्ठभागासाठी २० हजारांच्या आसपास आयन लागतील, आणि त्या तुकड्यात पोटॅशियमचे आयन आहेत साडेसहा कोटी. म्हणजे एका आवेगात साडेतीन हजारांतला एखादा आयन हलतो. प्रत्यक्षात सोडियम येणं आणि पोटॅशियम जाणं काही काळ एकाच वेळी चालू असतं, त्यामुळे खर्च थोडा वाढतो. तरी 'आवेगाच्या वेळी पेशी सोडियमने भरून जाते' हे चित्र मनातून काढून टाकलेलं बरं. प्रमाण जवळपास हलत नाही, बदलतं ते व्होल्टेज. तंतू जितका बारीक तितका हा खर्च त्याला जास्त जाणवतो, हे मात्र लक्षात असू द्यावं.

आता प्रत्यक्ष आवेग. त्याचा नायक म्हणजे व्होल्टेज ओळखणारं सोडियमचं चॅनेल. या प्रथिनाचे चार सारखे भाग असतात आणि प्रत्येक भागात धनभारित अमिनो आम्लांची एक दांडी. आत ऋण असताना या दांड्या आतल्या बाजूला खेचलेल्या असतात आणि दार बंद असतं. आतला ऋणभार कमी झाला की दांड्या बाहेरच्या दिशेने सरकतात आणि दार उघडतं. उघडलं की सोडियम आत येतो, आतलं व्होल्टेज आणखी वर जातं, त्यामुळे शेजारची आणखी चॅनेल उघडतात. आगीत तेल. मिलिसेकंदाच्या काही अंशात व्होल्टेज उणे ७० वरून अधिक ३०-४० पर्यंत चढतं. सोडियमच्या अधिक ६७ पर्यंत ते पोचत नाही, कारण तोवर दोन गोष्टी घडतात. सोडियम चॅनेलला आतून एक छोटा बोळा असतो, तो उघडलेल्या दारात जाऊन बसतो. आणि पोटॅशियमची व्होल्टेज ओळखणारी चॅनेल, जी मुळात आळशी, ती आता उघडतात. पोटॅशियम बाहेर पडतो आणि व्होल्टेज कोसळतं. पोटॅशियमची दारं मिटायलाही वेळ घेतात, म्हणून ते काही काळ उणे ७० च्याही खाली जातं. हा सगळा प्रकार १ ते २ मिलिसेकंदांचा.

बोळा बसलेलं चॅनेल आणि बंद चॅनेल या दोन वेगळ्या अवस्था आहेत. बंद चॅनेल पुन्हा उघडू शकतं. बोळा बसलेलं चॅनेल व्होल्टेज खाली येऊन काही काळ गेल्याशिवाय कशालाच दाद देत नाही. म्हणून साधारण मिलिसेकंदभर तो भाग पूर्ण बहिरा असतो, आणि पुढचे काही मिलिसेकंद जोराचा धक्का दिला तरच ऐकतो. आवेग उलटा फिरत नाही तो याच कारणाने: मागची जागा बहिरी, पुढची ताजी. तंतूच्या मधोमध बाहेरून धक्का दिला तर मात्र दोन्ही बाजू ताज्या असतात आणि आवेग दोन्ही दिशांना धावतो. तंतूला स्वतःची अशी दिशा नसते.

आवेग पेटण्याचा उंबरठा उणे ५५ मिलिव्होल्ट असतो असं लिहिलं जातं. तो आकडा दगडावरची रेघ नव्हे. आत येणारा सोडियमचा प्रवाह बाहेर जाणाऱ्या पोटॅशियमच्या प्रवाहाला जिथे मागे टाकतो, तो उंबरठा. चेतापेशीत आवेग आधी पेटतो ती जागा सहसा पेशीकायेत, म्हणजे पेशीच्या मुख्य भागात, नसते, अक्षतंतू जिथून निघतो त्या सुरुवातीच्या तुकड्यात असते, कारण तिथे सोडियम चॅनेलांची दाटी सर्वांत जास्त. धक्का सावकाश वाढवत नेला तर उंबरठाही वर सरकतो. काही चॅनेलांत तोवर बोळा बसलेला असतो, राहिलेली पुरत नाहीत. फारच हळू वाढवलं तर आवेग उमटतच नाही.

या सगळ्याचा हिशेब ज्यांनी पहिल्यांदा मांडला ते अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली. १९५२ साली त्यांनी स्क्विडच्या अक्षतंतूवर प्रयोग करून चार समीकरणं दिली. त्यासाठी पटलाचं व्होल्टेज हवं तिथे धरून ठेवायचं आणि तसं धरायला किती प्रवाह द्यावा लागतो ते मोजायचं, ही युक्ती वापरली. व्होल्टेज मोकळं सोडलं की चॅनेल व्होल्टेज बदलतात, व्होल्टेज चॅनेल बदलतं, आणि कारण-परिणाम वेगळे करता येत नाहीत. ते एका जागी बांधलं की गुंता सुटतो. पुढे हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर ही समीकरणं सोडवली आणि आवेगाचा वेग काढला सेकंदाला १८.८ मीटर. त्या अक्षतंतूत मोजलेला वेग २१.२ होता. चॅनेल नावाचं प्रथिन तेव्हा कुणी पाहिलेलंही नव्हतं. एका चॅनेलमधला प्रवाह प्रत्यक्ष मोजला तो एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये. तो असतो १ ते २ पिकोअँपिअरचा. १ पिकोअँपिअर १ मिलिसेकंद वाहिला की ६,२०० आयन होतात, वर चौरस मायक्रोमीटरसाठी लागले तेवढेच.

स्क्विडचा तो अक्षतंतू अर्धा मिलिमीटर जाड होता. उघड्या तंतूत वेग जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट हवा तर जाडी चौपट. माणसाच्या एकेका चेतेत हजारो तंतू असतात, ते सगळे एवढे जाड करणं शक्यच नाही. त्यावरचा तोडगा म्हणजे मायलिन. परिघीय चेतांमध्ये श्वान पेशी अक्षतंतूभोवती मेदाचे डझनावारी वेढे घालते. गळती घटते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे धारिता घटते. व्होल्टेज बदलायला कमी भार लागतो, म्हणून बदल झटक्यात पुढे सरकतो. दर मिलिमीटरभर अंतरावर १ मायक्रोमीटरची उघडी फट असते, ती रॅनव्हिएरची गाठ, आणि तिथे सोडियम चॅनेल खच्चून भरलेली. आता वेग जाडीच्या सरळ प्रमाणात वाढतो: ढोबळमानाने दर मायक्रोमीटरला सेकंदाला ६ मीटर. स्क्विडच्या अर्ध्या मिलिमीटरचं काम ३-४ मायक्रोमीटरमध्ये. तापमान वेगळं आहे हे धरूनही सौदा जबरदस्त.

आवेग गाठीवरून गाठीवर 'उड्या मारतो' म्हणतात. ऐकायला छान, पण त्यामुळे एका वेळी एकच गाठ पेटलेली असते असं डोळ्यांसमोर येतं. सेकंदाला ६० मीटर वेग आणि १ मिलिसेकंदाचा आवेग धरला तर पेटलेला पट्टा ६० मिलिमीटर लांब होतो. त्यात एकाच वेळी पन्नास-साठ गाठी कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर असतात. पुढची गाठ सुमारे १७ मायक्रोसेकंदांनी सुरू होते, मागचीचा आवेग संपायची वाट ती पाहत नाही. एखादी गाठ मुकी पडली तरी आवेग तिला ओलांडून जातो, कारण निरोगी गाठ गरजेच्या पाच ते सात पट प्रवाह पुरवते.

वेगांतला हा फरक अंगावर जाणवतो. ठेच लागली की आधी टोचरी, नेमकी जागा दाखवणारी कळ येते, आणि क्षणभराने जळजळणारी, पसरट वेदना. पहिली बारीक मायलिनयुक्त तंतूंची, सेकंदाला ५ ते ३० मीटर. दुसरी उघड्या तंतूंची, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. पायापासून यायला दुसरीला सेकंदभर सहज लागतो.

बिघाडांकडे वळू. भूल देण्याचं लिग्नोकेन सोडियम चॅनेल बंद करतं, पण आतल्या बाजूने. आत शिरायला त्याचा भाररहित रेणू लागतो, तोच पटलातून पार होतो. या औषधाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भाररहित असतात तो, ७.९. ऊतींचा पीएच ७.४ असताना सुमारे २४ टक्के रेणू भाररहित असतात. पू झालेल्या जागी पीएच ६.९ वर आला तर ९ टक्के. गळू झालेल्या दाताला इंजेक्शन देऊनही बधिरपणा येत नाही त्याचं हे एक मोठं कारण, आणि म्हणून भूल सुजेपासून दूर, चेतेच्या वरच्या भागात देतात. मायलिनयुक्त तंतूत एक गाठ बंद करून भागत नाही, वर सांगितलेल्या जादा प्रवाहामुळे लागोपाठ दोन-तीन तरी बंद व्हाव्या लागतात.

रक्तातलं पोटॅशियम ४ वरून ७ वर गेलं की सूत्रातला उणे ९५ चा आकडा उणे ८० होतो. विश्रांतीचं व्होल्टेज उंबरठ्याजवळ सरकतं. वरवर पाहता पेशी जास्त चिडखोर व्हायला हवी, आणि सुरुवातीला होतेही. पण व्होल्टेज तसंच वर राहिलं की सोडियम चॅनेलांत बोळे बसत जातात, मग पेशी चिडत नाही, मुकी होते. हृदयात हे घडलं की जिवावर बेततं. तिथे आधी शिरेतून कॅल्शियम देतात. त्याने पोटॅशियम रेसभरही उतरत नाही. पटलाच्या बाहेरच्या बाजूचे ऋणभार झाकले जातात आणि चॅनेल उघडायला जास्त धक्का लागतो, म्हणजे उंबरठाच दूर सरकतो. रक्तात कॅल्शियम कमी पडलं तर नेमकं उलट: उंबरठा जवळ येतो, तंतू आपोआप पेटू लागतात, बोटं वाकडी होऊन आखडतात.

मायलिन झडलेल्या तंतूत पाच-सात पट प्रवाहाची चैन संपते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतलं मायलिन झडण्याच्या आजारात, गरम पाण्याने अंघोळ केली की दृष्टी अंधूक होते, गार झालं की परत येते. व्यायामानंतर असं होतं हे १८९० मध्ये विल्हेल्म ऊथॉफ यांनी नोंदवलं होतं. उष्णतेने चॅनेल लवकर मिटतात, आवेग आखूड होतो, पुढच्या गाठीला पोचणारा भार उंबरठ्याखाली जातो. निरोगी तंतूला याचा पत्ताही लागत नाही, काठावरचा तंतू अर्ध्या अंशाने बंद पडतो. त्यात मायलिनखाली झाकलेली पोटॅशियम चॅनेल उघडी पडतात आणि आवेग वेळेआधी विझवतात. ४-अमिनोपिरिडिन हे औषध तीच चॅनेल अडवतं.

चेतेतून आवेग किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या चेतावहन चाचणीत हे सगळं आकड्यांत दिसतं. मनगटापाशी जाणाऱ्या मीडियन चेतेचं उदाहरण घेऊ. अंगठ्याच्या बुडाच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावायचा, मनगटावर ०.१ ते ०.२ मिलिसेकंदाचा धक्का द्यायचा, स्नायूचा प्रतिसाद वाढायचा थांबेपर्यंत जोर वाढवायचा आणि वर आणखी २० ते ३० टक्के. मग तेच कोपराशी. मनगटावरून प्रतिसाद ३.४ मिलिसेकंदांनी आला, कोपरावरून ७.४ ने, आणि दोन जागांमधलं अंतर २२० मिलिमीटर, तर २२० भागिले ४ म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. दोन जागा का, तर चेता-स्नायू जोडावर होणारा उशीर दोन्हींत सारखाच असतो, वजाबाकीत तो निघून जातो. धक्क्याच्या यंत्राचं ऋण टोक नोंद करणाऱ्या इलेक्ट्रोडकडे ठेवायचं. उलटं धरलं तर धन टोकाखाली पटल आणखी ऋण होतं, आवेग तिथे अडू शकतो, निदान वेळ तरी चुकते. टेपने अंतर मोजताना १ सेंटिमीटर इकडेतिकडे झालं की ५५ चे ५७.५ होतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो गार हात. त्वचेचं तापमान एका अंशाने उतरलं की वेग सेकंदाला दीड ते दोन मीटरने घटतो. २८ अंशांच्या हातावर चाचणी केली तर निरोगी माणसालाही चेताविकार चिकटतो. ओळखायची खूण अशी: गारठ्यात वेग घटतो पण प्रतिसादाची उंची वाढते, कारण चॅनेल जास्त वेळ उघडी राहतात. आजारात वेग घटताना उंची सहसा वाढत नाही. अहवालावर तापमान लिहिलेलं नसेल तर वेगाच्या आकड्यावर फार विसंबू नये. हात ३२ अंशांच्या वर आणून पुन्हा मोजावं.

उंची आणि वेग दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. मायलिन बिघडलं तर वेग पडतो किंवा आवेग मध्येच अडतो. तंतूच मेले असतील तर उरलेले तंतू जवळपास नेहमीच्या वेगानेच धावतात, पण मोजके असल्यामुळे उंची पडते. आणखी एक मर्यादा रुग्णांना क्वचितच सांगितली जाते: ही चाचणी जाड तंतूच पाहते. तळपायांची आग करणारे बारीक तंतू तिच्या नजरेला पडत नाहीत. पायांची आग होत असताना अहवाल 'सामान्य' येऊ शकतो आणि दोन्ही खरं असू शकतं.

आणि चेता पूर्ण तुटली तर? तुटलेली तार तत्क्षणी मरते. तुटलेल्या चेतेच्या खालच्या तुकड्याला धक्का दिला तर दुखापतीनंतर पहिले काही दिवस स्नायू व्यवस्थित हलतो. संवेदी तंतू तर आठवडा उलटल्यावरही प्रतिसाद देताना दिसतात. त्या तुकड्याचा पेशीकायेशी संबंध संपलेला असतो, पण त्याचे आयन, त्याची चॅनेल, त्याचं व्होल्टेज जागच्या जागी असतं. म्हणून जखमेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेच्या खाली केलेली चाचणी चांगली आली तर तेवढ्यावर खूश होऊ नये. धक्का जखमेच्या वरही द्यावा, खाली स्नायू हलतो का पाहावं, आणि दहा-बारा दिवसांनी दोन्ही ठिकाणी पुन्हा मोजावं.